आईच्या फर्निचरवर उभे राहिलेले मासिक

घरातली चीजवस्तू गहाण ठेवायची पाळी आली म्हणजे घरच्या बाईच्या जिवाची काय उलघाल होते, हे पुरुषांच्या सहसा ध्यानात येत नाही. आमच्याही आले नव्हते. १९७४ साली आम्ही बावीस वर्षांचे होतो. डोक्यात चळवळ होती, खिशात दमडी नव्हती आणि स्वतःचे पाक्षिक काढायचे असा ध्यास घेतला होता. एका बँकेत कर्जासाठी गेलो. साहेबांनी नाव विचारले, पत्ता विचारला आणि चाळीचे नाव ऐकताच 'तारण काय देणार?' असा प्रश्न केला. आम्ही गप्प बसलो. त्या रात्री जेवणे झाल्यावर आईने गळ्यातली बोरमाळ काढली, पदराला पुसली आणि आमच्या हातावर ठेवली. "घे बाबा, पण काढशील तो पेपर नीट काढ," एवढेच ती बोलली. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात उभ्याने पाळ्या करून, पै पै साठवून केलेली ती माळ होती. सावकाराने तिच्यावर चारशे रुपये दिले.

आमच्या पाक्षिकाचे सात अंक निघाले. आठवा निघाला नाही. बोरमाळही सुटली नाही!

वाचकहो, ही गोष्ट आम्ही बरीच वर्षे कोणाला सांगितली नव्हती. आज सांगतो आहोत त्याला कारण एक पुस्तक आहे. नव्वदच्या दशकात फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तके चाळताना एक इंग्रजी आत्मचरित्र हाती लागले. लेखकाचे नाव जॉन एच. जॉन्सन. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या 'एबनी' आणि 'जेट' या गाजलेल्या नियतकालिकांचे ते संस्थापक. त्यांचे हे पुस्तक १९८९ साली निघाले. लोकलमध्ये उभ्या उभ्याच आम्ही ते वाचायला घेतले. आईने आपले फर्निचर गहाण ठेवले आणि त्यातून मुलाचे पहिले मासिक निघाले, हा भाग आला आणि पुढची अक्षरे दिसेनाशी झाली. आमचे उतरायचे स्टेशन कधी मागे पडले ते कळलेच नाही.

स्वतःच्या हिमतीवर मोठा झालेला माणूस, अशी जॉन्सन यांची ओळख जगभर करून दिली जाते. ती खोटी नाही. पण अपुरी आहे. ती कशी अपुरी आहे, हेच आम्हाला येथे मांडायचे आहे.

जॉन्सन यांचा जन्म १९ जानेवारी १९१८ रोजी झाला. गावाचे नाव आर्कान्सा सिटी. नावात 'सिटी' असली तरी मिसिसिपी नदीच्या बंधाऱ्याखाली वसलेले ते एक लहानसे गाव होते. अमेरिकेच्या दक्षिणेत त्या काळी गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी, पाणी पिण्याची जागासुद्धा वेगळी. आपल्या वाचकांना हे फोड करून सांगण्याची गरज नाही! जॉन लहान असतानाच वडील लाकडाच्या वखारीत अपघाताने गेले. १९२७ साली मिसिसिपीला महापूर आला आणि हजारो कुटुंबांबरोबर या मायलेकांनाही बंधाऱ्यावर आसरा घ्यावा लागला.

आई गर्ट्रूड. तिचे स्वतःचे शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंतचे. दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी आणि स्वयंपाक करून ती पोट भरत होती. मुलगा आठवी झाला आणि तिच्यापुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. कारण त्या गावात काळ्या मुलांसाठी आठवीच्या पुढे शाळाच नव्हती. पुढे शिकवायचे तर शिकागोला जायला हवे. त्याला पैसा हवा. माउलीने बंधाऱ्याच्या कामावरील मजुरांच्या छावण्यांत स्वयंपाकाचे काम धरले आणि पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवायला सुरुवात केली. वर्ष संपले तरी भाड्यापुरते जमले नाहीत. मग तिने काय केले? पास झालेल्या मुलाला पुन्हा आठवीतच बसवले! गावातली माणसे हसली. पण रिकामा राहिला तर पोरगा शेतावरच्या मजुरीला लागेल आणि एकदा लागला की परत पुस्तकाकडे वळणार नाही, हे तिसरी शिकलेल्या त्या बाईला पक्के ठाऊक होते.

आमच्या भगिनींनी येथे क्षणभर थांबावे. आपल्या घरातही अशा आया होऊन गेल्या आहेत. त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत.

१९३३ च्या उन्हाळ्यात मायलेक आगगाडीने शिकागोला पोचले. तो अमेरिकेतल्या भयंकर मंदीचा काळ होता. कामे मिळेनात. सावत्र वडील मागाहून आले, त्यांनाही काम नव्हते. सुमारे दोन वर्षे हे कुटुंब सरकारी मदतीवर जगले. शाळेत मुले जॉनच्या खेडवळ बोलण्याला आणि जुन्यापान्या कपड्यांना हसत. तो वाचनालयात बसून वाचत सुटला आणि घरी आरशासमोर उभा राहून भाषणाचा सराव करू लागला. पुढे गायक म्हणून जगप्रसिद्ध झालेले नॅट किंग कोल आणि १९८३ साली शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झालेले हॅरॉल्ड वॉशिंग्टन हे त्याच शाळेतले विद्यार्थी. चांगली शाळा एकट्यादुकट्याला नव्हे, साऱ्या पिढीलाच उभी करते ती अशी.

१९३६ साली शाळा संपता संपता एका समारंभात हॅरी पेस यांच्याशी त्याची गाठ पडली. पेस हे 'सुप्रीम लिबर्टी लाइफ' या कृष्णवर्णीयांनी चालविलेल्या विमा कंपनीचे अध्यक्ष. याच पेस यांनी १९२१ साली 'ब्लॅक स्वान' ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची ध्वनिमुद्रिका कंपनी काढली होती. त्यांनी जॉनला कंपनीत अर्धवेळ नोकरी दिली, म्हणजे शिक्षणही चालू राहावे. पुढे त्याच्याकडे एक काम आले. देशभरातली वर्तमानपत्रे व मासिके वाचायची, काळ्या समाजाविषयीच्या बातम्या वेचायच्या आणि त्यांचा गोषवारा साहेबांना द्यायचा. ते करताना जॉनच्या लक्षात आले की ओळखीपाळखीत या बातम्या सांगितल्या की लोक कान टवकारून ऐकतात. मोठ्या वर्तमानपत्रांत काळ्या माणसाची बातमी येई ती बहुधा गुन्ह्याची. त्याचे लग्न, त्याच्या मुलीची पदवी, त्याच्या दुकानाचे उद्घाटन यांची दखल कोण घेणार? या बातम्या एकत्र करून मासिक काढले तर?

ही कल्पना घेऊन तो मोठमोठ्यांना भेटला. 'क्रायसिस' हे चळवळीचे नामांकित मासिक होते. त्याचे संपादक रॉय विल्किन्स यांनी या फंदात पडू नको, पैसे वाचव, असा सल्ला दिला. आपला अंदाज चुकला, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने कबूल केले. जॉन बँकेत गेला. आम्ही काळ्यांना कर्ज देत नाही, असे तेथील माणसाने तोंडावर सांगितले. येथे आमच्यासारखा गप्प बसला असता किंवा चिडून निघून आला असता. जॉनने त्यालाच विचारले की मग आम्हाला कर्ज देणारे या शहरात कोण आहे? त्या माणसाने एका कर्ज देणाऱ्या कंपनीचे नाव सांगितले. तेथे पाचशे डॉलर मिळणार होते, पण तारण हवे होते.

तारण म्हणून घरात एकच गोष्ट होती. आईने हप्त्याहप्त्याने फेडून नुकतेच आपलेसे केलेले नवे फर्निचर. अनेक वर्षे दुसऱ्यांच्या घरातले फर्निचर पुसणाऱ्या बाईचे स्वतःचे फर्निचर! मुलाने ते मागितले तेव्हा ती लगेच हो म्हणाली नाही. देवाला विचारून सांगते, म्हणाली. काही दिवस गेले. मुलगा विचारी, ती म्हणे अजून उत्तर आले नाही. शेवटी दोघांनी मिळून प्रार्थना केली आणि तिने होकार दिला. तिने तो उशीर का लावला असेल, हे आम्हाला आमच्या आईच्या पदराला पुसलेल्या बोरमाळेवरून कळते. नाही म्हणायचे नव्हतेच. पण ज्या वस्तूला आयुष्य लागले तिचा निरोप घ्यायला चार दिवस तरी नकोत का?

आता वाचकांनी नीट लक्ष द्यावे. या पाचशे डॉलरचे जॉन्सन यांनी काय केले? कचेरी थाटली नाही. टेबलखुर्च्या घेतल्या नाहीत. ते सगळे पैसे त्यांनी टपालावर खर्च केले! विमा कंपनीच्या सुमारे वीस हजार विमेदारांची नावे-पत्ते त्यांना पेस यांच्या परवानगीने मिळाले होते. त्या सर्वांना एक पत्र धाडले. असे असे मासिक निघणार आहे, दोन डॉलर आगाऊ वर्गणी पाठवा. हे विमेदार कोण होते? धुणीभांडी करणाऱ्या बाया, हमाल, आगगाडीतले नोकर, कारखान्यातले मजूर, मास्तर. दरमहा विम्याचा हप्ता न चुकता भरणारी माणसे. त्यांपैकी सुमारे तीन हजारांनी वर्गणी पाठवली. सहा हजार डॉलर हाती आले आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये 'निग्रो डायजेस्ट' चा पहिला अंक निघाला. छापलेल्या प्रती पाच हजार.

अंक तर निघाला, पण विक्रीच्या ठेल्यांवर तो ठेवायला मुख्य वितरक तयार होईना. काळ्यांची मासिके खपत नाहीत, असे त्याचे म्हणणे. जॉन्सन यांनी कंपनीतल्या मित्रांना ठेल्याठेल्यावर पाठवले. 'निग्रो डायजेस्ट आहे का?' 'नाही? कधी येईल?' सगळीकडून अशी विचारणा होऊ लागल्यावर वितरकाने अंक उचलले. मित्रांनी ते विकतही घेतले, तेही जॉन्सन यांनीच दिलेल्या पैशांनी. युक्तीच ती, आणि जरा बनवाबनवीचीही! पण पहिल्या खेपेनंतर मित्रांची गरज उरली नाही. वर्षाच्या आत खप पन्नास हजारांवर गेला. ऑक्टोबर १९४३ च्या अंकात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी लेख लिहिला आणि खप एकदम लाखाच्या घरात पोचला.

येथे आम्हाला आमच्या पाक्षिकाकडे वळले पाहिजे.

बोरमाळेचे चारशे रुपये हाती आल्यावर आम्ही काय केले? पहिल्यांदा शिक्के आणि लेटरहेड करून घेतले. 'संपादक' म्हणून आपले नाव छापलेले पाहून छाती फुगली. मग जाहिरातींसाठी मोठ्या माणसांच्या दारी खेटे घालू लागलो. आमदार, कंत्राटदार, साहेबलोक. कोणी चहा पाजला, कोणी 'पुढच्या अंकाला नक्की' असे सांगितले. हिशेबाच्या वहीत आम्ही या सर्वांची नावे 'येणे' या सदराखाली ठळक अक्षरांत लिहीत होतो. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरची मजुरी थकली, कागदवाला दारात येऊन बसू लागला, तरी त्या 'येणे' वर आमचा भरवसा कायम!

त्याच दिवसांत आई दर अंकाला काही प्रती मागून नेई. चार-आठ दिवसांनी सुट्टे पैसे आणून देई. पावल्या, आठाणे, क्वचित रुपयाची नोट. कोठून आणले, हे आम्ही कधी विचारले नाही. वहीत ती रक्कम 'किरकोळ जमा' म्हणून लिहून मोकळे होत असू. आईला अक्षरओळख नव्हती. ती अंकांचे काय करत असेल, असा प्रश्नही आम्हाला पडला नाही. आम्ही समाजासाठी लिहीत होतो ना!

१९८७ साली आई गेली. तिची पत्र्याची पेटी उघडली. तीत लुगड्यात गुंडाळून ठेवलेले सातही अंक निघाले आणि एक शाळकरी वही. शेजारच्या मुलीच्या हस्ताक्षरात एकतीस बायांची नावे. काही चाळीतल्या, काही वाइंडिंग खात्यातल्या. प्रत्येकीच्या नावापुढे अंकांचे आकडे आणि दिलेले पैसे. पुढे त्या मुलीकडून कळले की आई दुपारच्या वेळी बायांना गोळा करी, मुलगी अंक वाचून दाखवी आणि वाचून झाल्यावर आई प्रत्येकीकडून पैसे मागून घेई. फुकट कोणालाही ऐकू देत नसे. "माझ्या पोराने फुकट नाही छापला," असे म्हणे.

आम्हाला जॉन्सन यांचे वीस हजार विमेदार मिळाले नसते हे खरे. पण आमचे पहिले एकतीस वर्गणीदार आमच्याच घरात होते आणि आम्ही त्यांना 'किरकोळ' मध्ये घातले होते. सात अंकांत गिरणीतल्या बाईच्या पाळीविषयी, पाळणाघराविषयी, तिच्या पगाराविषयी एक ओळ आम्ही लिहिली नव्हती. पाक्षिक बुडाले ते भांडवलाअभावी, असे आम्ही तेरा वर्षे सांगत होतो. ते तसे बुडाले नव्हते.

जॉन्सन यांनी आपला वाचक कधी किरकोळ मानला नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये त्यांनी 'एबनी' हे मोठ्या आकाराचे सचित्र मासिक काढले. एबनी म्हणजे काळे शिसवी लाकूड. हे नाव त्यांच्या पत्नी युनिस यांनी सुचविले. पहिल्या अंकाच्या पंचवीस हजार प्रती हातोहात संपल्या आणि तितक्याच पुन्हा छापाव्या लागल्या. पण गुळगुळीत कागद आणि छायाचित्रे परवडायची तर मोठ्या जाहिराती हव्यात आणि गोऱ्या कंपन्या काळ्यांच्या मासिकाला जाहिरात द्यायला तयार नव्हत्या. 'झेनिथ रेडिओ' या कंपनीचे प्रमुख मॅक्डॉनल्ड हे उत्तर ध्रुवाकडील मोहिमांवर जाऊन आलेले गृहस्थ आहेत, हे जॉन्सन यांनी शोधून काढले. १९०९ साली पिअरी यांच्याबरोबर ध्रुवाच्या मोहिमेवर मॅथ्यू हेन्सन हा कृष्णवर्णीय वीर होता. त्या हेन्सनच्या सहीचे पुस्तक आणि त्याच्यावर लेख असलेला 'एबनी' चा अंक घेऊन जॉन्सन भेटीला गेले. झेनिथची जाहिरात मिळाली आणि मॅक्डॉनल्ड यांनी इतर कंपन्यांच्या प्रमुखांनाही शब्द टाकला. फरक पाहा. आम्ही कंत्राटदाराकडे गेलो ते मदत मागायला. जॉन्सन गेले ते आमचे वाचक रेडिओ विकत घेतात, हे सांगायला. पैसे मोजणारे वाचक पाठीशी असले की मागणाऱ्याची मान ताठ राहते.

१९५१ च्या नोव्हेंबरात 'जेट' हे खिशात मावेल एवढे साप्ताहिक निघाले. त्याच्या खऱ्या कसोटीचा प्रसंग १९५५ साली आला. शिकागोचा एमेट टिल हा अवघ्या चौदा वर्षांचा मुलगा मिसिसिपी राज्यात नातेवाइकांकडे गेला होता. गोऱ्या बाईशी अमर्याद वागल्याचा आळ घेऊन २८ ऑगस्टला त्याला घरातून उचलून नेले आणि हाल हाल करून मारून नदीत टाकले. प्रेत शिकागोला आले तेव्हा त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला. माझ्या मुलाचे काय केले ते जगाला पाहू द्या, हा तिचा निर्धार होता. 'जेट' चे छायाचित्रकार डेव्हिड जॅक्सन यांनी ती छायाचित्रे घेतली. ती छापावीत की नाही, याबद्दल कचेरीत चलबिचल होती. जॉन्सन यांच्याही मनात होती. शेवटी जे घडले ते छापणे हे आपले काम आहे, असे त्यांनी ठरविले. १५ सप्टेंबरच्या अंकात ती छायाचित्रे आली आणि तो अंक इतका खपला की पुन्हा छापावा लागला. खटल्यात दोन्ही आरोपी निर्दोष सुटले. पण ती छायाचित्रे पाहिलेली पिढी गप्प बसली नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात माँटगोमेरीच्या बसगाड्यांवरील बहिष्कार सुरू झाला.

एका आईने फर्निचर दिले म्हणून छापण्याचे साधन उभे राहिले आणि दुसऱ्या आईने आपले दुःख उघडे केले म्हणून त्या साधनाचे सार्थक झाले. आम्ही हे वाचले तेव्हापासून दोन्ही माता आमच्या मनात शेजारी शेजारी बसल्या आहेत.

पैसा आला तशी प्रतिष्ठाही आली, पण अपमान लगेच संपले नाहीत. १९४९ साली शिकागोच्या मिशिगन अव्हेन्यूवर इमारत घ्यायची तर मालक काळ्या माणसाला विकायला तयार नव्हता. जॉन्सन यांनी एका गोऱ्या वकिलामार्फत व्यवहार केला आणि स्वतः सफाई कामगाराचा वेश घालून इमारत आतून पाहून आले! १९७२ साली त्याच रस्त्यावर कंपनीची स्वतःची अकरा मजली इमारत झाली. तिचे वास्तुशिल्पी जॉन मूतूसामी हेही कृष्णवर्णीय. ज्या विमा कंपनीत जॉन्सन कारकून म्हणून लागले होते, तिचे ते १९७४ साली प्रमुख झाले. १९८२ साली 'फोर्ब्स' च्या चारशे अमेरिकी धनिकांच्या यादीत त्यांचे नाव आले. त्या यादीत आलेले ते पहिले आफ्रिकन अमेरिकन.

आणि आई? ती कंपनीची उपाध्यक्ष होती. १९७७ साली तिचे निधन झाले. गहाण पडलेले फर्निचर केव्हाच सुटले होते.

दानाचीही जॉन्सन कुटुंबाची एक रीत होती, ती आपण लक्षात घेण्यासारखी आहे. १९५८ पासून युनिस जॉन्सन यांनी 'एबनी फॅशन फेअर' हा वेशभूषांचा कार्यक्रम गावोगाव नेला. स्थानिक संस्था तो भरवीत आणि मिळालेले उत्पन्न शिष्यवृत्त्या, दवाखाने, हक्कांसाठी लढणाऱ्या संघटना यांना जाई. सुमारे पन्नास वर्षांत पाच कोटी डॉलरहून अधिक निधी यातून उभा राहिला. विशेष असे की तिकिटाच्या पैशात 'एबनी' किंवा 'जेट' ची वर्गणीही धरलेली असे. म्हणजे कार्यक्रम पाहणारी बाई एकाच वेळी देणगीदारही झाली आणि वर्गणीदारही! २००३ साली जॉन्सन यांनी हॉवर्ड विद्यापीठाला चाळीस लाख डॉलर दिले, ते पत्रकारिता व संज्ञापन शिकवणाऱ्या विभागासाठी. स्वतःसारखे आणखी लिहिणारे-छापणारे घडावेत म्हणून.

त्यांच्यावर टीका झाली नाही असे नाही. एबनीत श्रीमंतांचे बंगले आणि मोटारी फार, गरिबांचे जिणे कमी, असा आक्षेप होता. समाजशास्त्रज्ञ फ्रँकलिन फ्रेझियर यांनी कृष्णवर्णीय मध्यमवर्गावरील आपल्या पुस्तकात अशा पत्रांना धारेवर धरले. रंग उजळविण्याच्या मलमांच्या जाहिराती एबनीत छापून येत, हेही सत्य आहे. पुढे १९७३ साली याच कुटुंबाने सावळ्या-काळ्या वर्णाला शोभतील अशी प्रसाधने काढली. 'निग्रो डायजेस्ट' चे पुढे 'ब्लॅक वर्ल्ड' झाले होते. खप घटल्यावर १९७६ साली जॉन्सन यांनी ते बंद केले तेव्हा लेखकांनी निदर्शने केली. आमचे मत विचाराल तर टीका रास्त होती. पण वर्षानुवर्षे आपले रूप फक्त गुन्हेगार आणि नोकर म्हणून छापून आलेले पाहणाऱ्या माणसाला आपल्यातल्या डॉक्टरचे, वकिलाचे, नवरीचे छायाचित्र पाहावेसे वाटले तर त्यात नवल काय?

८ ऑगस्ट २००५ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी जॉन्सन गेले. पुढे काळ बदलला. 'जेट' चे छापील अंक २०१४ साली थांबले. २०१६ मध्ये दोन्ही नियतकालिके विकली गेली आणि २०१९ साली मूळ कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी तिचा छायाचित्रांचा प्रचंड संग्रह चार सेवाभावी प्रतिष्ठानांनी तीन कोटी डॉलरला विकत घेतला, तो खासगी हातांत जाऊ नये म्हणून. आता तो सार्वजनिक संस्थांकडे अभ्यासकांसाठी सुपूर्द झाला आहे. कंपनी संपली, पण एका समाजाने स्वतःच्या नजरेने टिपलेला साठ-सत्तर वर्षांचा इतिहास शिल्लक राहिला.

आपल्याकडेही हे दुखणे जुनेच आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. तरीही ते पत्र तीन-साडेतीन वर्षांत बंद पडले. १९२७ साली सुरू झालेले 'बहिष्कृत भारत' ही दोन-अडीच वर्षांतच थांबले. थोर माणसाची मदत पत्र सुरू करू शकते. ते चालू ठेवणे वर्गणीदाराच्याच हाती असते. बाबासाहेबांसारख्या संपादकाला हे भोगावे लागले, मग आमची काय कथा!

आमच्या हाती मोठे दान नाही. निवृत्तिवेतनात जे बसते ते करतो. आईच्या वहीत एकतीस नावे होती, म्हणून दर वर्षी वस्तीतल्या एकतीस नव्या घरांची नियतकालिकाची पहिल्या वर्षाची वर्गणी आम्ही भरतो. अट एकच, दुसऱ्या वर्षीची त्यांनी स्वतः भरायची. सगळे भरत नाहीत. निम्मी घरे भरतात, कधी त्याहून थोडी अधिक. भरणाऱ्यांत घरच्या बायांनी स्वतःच्या कमाईतून भरलेली वर्गणी जास्त असते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

तेव्हा वाचकहो, हा अंक जर तुम्ही शेजाऱ्याचा मागून वाचत असाल तर वाचा, जरूर वाचा. पण वाचून झाल्यावर आमच्या आईची आठवण ठेवा. ती तुमच्यापुढे बसली असती तर वाचन संपताच तिने पदराची गाठ सोडून हात पुढे केला असता.

बोरमाळ आम्ही पुन्हा करून घेतली नाही. करून कोणाच्या गळ्यात घालणार? मात्र हिशेबाची ती जुनी वही अजून आमच्याकडे आहे. 'किरकोळ जमा' हे शब्द जेथे जेथे होते तेथे ते खोडून आम्ही एकतीस बायांची नावे लिहिली आहेत. सर्वांत वर आईचे नाव आहे, आणि तिच्या नावापुढे रक्कम चारशे रुपये. त्याखाली 'देणे' असे लिहिले आहे. ते तसेच राहणार आहे.